एसीतला गॅस ‘संपत’ नसतो: 19,199 रुपये गेल्यावर कळलेली गोष्ट

एकोणीस हजार एकशे नव्व्याण्णव रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, नंतर लाजेपोटी कमी करून सांगायचा मोह नको. 6,499 वार्षिक कराराचे, 1,450 ‘केमिकल वॉश’चे, 3,200 गॅसचे, पुन्हा 3,200 गॅसचेच आणि 4,850 कार्डाचे, म्हणजे एसीच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचे. सगळे अडीच महिन्यांत आणि एकाच एसीवर गेले. तो एसी मुळात बिघडलेलाच नव्हता.

मी हिशेबाच्या कामात आहे. दुसऱ्यांची बिलं तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यामुळे ‘तुम्ही कसे फसलात?’ हा प्रश्न मला नातेवाइकांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी विचारला. फसलो, कारण बिलात खोट होती ती आकड्यांची नव्हती. बेरीज बरोबर होती. त्या यंत्राच्या आत काय असतं हे मला माहीत नव्हतं आणि त्यांना ते पक्कं माहीत होतं.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. एप्रिलमध्ये एसी सुरू केला, गार हवा येईना. कंपनीचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधला आणि जो पहिला दिसला त्यावर फोन लावला. पलीकडून कंपनीचं नाव घेऊनच बोलले. मॉडेल नंबर विचारला, ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असा मेसेजही आला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नंबर कंपनीचा नव्हताच. खरा नंबर वॉरंटी कार्डावर छापलेला होता आणि ते कार्ड त्याच खोलीच्या कपाटात पडून होतं. माझ्यापासून चार पावलांवर.

दोघं आले. गणवेश, बॅग, खांद्यावर गॅसचा कॅन. यंत्र उघडण्याआधीच, नुसता रिमोट दाबून एक जण म्हणाला, “साहेब, गॅस गेलाय.” तपासायच्या आधी निदान! आणि कॅन तर तो खालूनच घेऊन आला होता. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पण खरा क्षण त्यानंतरचा आहे, तो मला रात्री झोपू देत नाही. आउटडोअर युनिटच्या बाजूला जाड नळीपाशी एक छोटं पितळी टोपण असतं. त्याने पान्याने ते काढलं आणि आतली पिन स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबली. फुस्स्स असा जोरात आवाज झाला, धुरासारखं काहीतरी उडालं आणि त्याच्या बोटांवर, पितळेवर पांढरा हिमाचा थर धरला. पाच-सहा सेकंद त्याने पिन तशीच दाबून धरली. मग मला म्हणाला, “बघा, नुसती हवा आहे आत. गॅसच नाही.” मी मान डोलावली. अहो, हवेने कधी बोटावर बर्फ धरतो का? तो माझाच गॅस होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याने तो बाहेर सोडला आणि वर मलाच विकला. मी फुटभर अंतरावर उभा राहून त्याला टॉर्च धरत होतो.

त्यानंतर गॅसचा दाब मोजायचा गेज लावला. काटा दाखवून म्हणाला, 150 पाहिजे, 90च आहे. माझ्या जागी कोणीही मानलं असतं. आता कळतं की इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे दाब सतत बदलत राहतो. नुसता काटा बघून गॅस कमी आहे असं कुणालाच सांगता येत नाही. गॅस दाबावर नाही, वजनावर भरतात. किती भरायचा ते आउटडोअर युनिटच्या पत्र्यावरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. माझ्या एसीवर लिहिलंय: आर-32 (हे गॅसचं नाव), 0.85 किलो. त्या माणसाजवळ वजनकाटाच नव्हता. ज्याच्याजवळ वजनकाटा नाही त्याला गॅसच्या नळीला हात लावू देऊ नका, मग तो कुणाच्याही ओळखीचा असो.

दुसऱ्याने तोवर फिल्टर धुतले, इनडोअरच्या कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, ‘केमिकल वॉश’ म्हणून फेस मारला, आउटडोअरच्या जाळीत अडकलेला कचरा पाण्याच्या माऱ्याने काढला. एसी सुरू केला आणि खोली दहा मिनिटांत गार पडली. मी खूश झालो. वरून त्याने करार पुढे केला: वर्षाला चार सर्व्हिस, ‘सगळं फ्री’. सहा हजार चारशे नव्व्याण्णव. त्या गारव्यातच मी सही केली.

खोली गार झाली ती धुतल्यामुळे. पैसे घेतले गॅसचे. सगळी लबाडी या एका ठिकाणी आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात चालते, कारण दोन्ही कामं एकाच भेटीत होतात आणि कशाने फरक पडला हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. मी आठ महिने फिल्टर काढलेच नव्हते. ही माझी चूक आणि ती मी कबूल करतो. धूळ साचली की कॉइलवरून हवा जात नाही आणि खोली गार होत नाही. कधीकधी नळीवर बर्फही धरतो, आणि तोच बर्फ बोटाने दाखवून ‘गॅस कमी’ म्हणतात.

आठवून बघा, आपला फ्रिज दिवसरात्र चालतो, दहा-दहा वर्षं चालतो. त्यात दरवर्षी गॅस भरतो का आपण? एसीतही गॅस बंद नळ्यांमधून तसाच फिरतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही, वापराने कमी होत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे. स्प्लिट एसीत ती बहुतेक नळ्यांच्या टोकांना असलेल्या नटांपाशी किंवा गंजलेल्या कॉइलमध्ये सापडते. ती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. ‘दर सर्व्हिसला थोडा टॉप-अप लागतोच’ असं जो म्हणेल त्याला दारातूनच परत पाठवा.

मे अखेर पुन्हा त्रास सुरू झाला आणि यावेळी तो खरा होता. भर दुपारी एसी वीस मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. जून लागताच तेच दोघं आले. म्हणाले, गॅस परत लीक झाला. मी म्हटलं, अहो, आत्ताच तर भरला, करारात आहे ना? त्याने करार उलटा करून मागची बारीक अक्षरं दाखवली: गॅस आणि सुटे भाग वगळून. म्हणजे ‘सगळं फ्री’मध्ये उरलं काय, तर फिल्टर धुणं, जे मी नळाखाली स्वतः करू शकतो. पुन्हा 3,200 दिले. घरात म्हातारी आई, बाहेर उकाडा, आणि समोरचा माणूस ‘कॉम्प्रेसर जाईल हं’ म्हणतोय. अशा वेळी वाद घालायला जीव होत नाही, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. मग ‘कार्ड उडालंय’ म्हणून आउटडोअरचं कार्ड काढून नेलं, तीन दिवसांनी आणून बसवलं. 4,850. पावती व्हॉट्सअॅपवर, पैसे कुणा तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवर. जुना भाग मागा. बदलला असेल तर जुना तुमच्या हातात पडायलाच हवा. मी मागितला नाही.

एसी तरीही बंद पडतच राहिला. शेवटी बायकोच्या ऑफिसमधल्या एकांच्या ओळखीने दुसरा मेकॅनिक आला. मितभाषी माणूस. आधी त्याने थर्मामीटर लावून आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा मोजली. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक पडत असेल तर बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, एवढं तर आपल्यालाही घरच्या घरी बघता येतं. मग त्याने सगळा गॅस एका रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला आणि सिलिंडर काट्यावर ठेवला. आत 1.21 किलो गॅस होता. स्टिकरवर 0.85. म्हणजे 360 ग्रॅम जास्त! ‘संपलेल्या’ गॅसच्या एसीत दीडपटीला टेकेल इतका गॅस कोंबला होता आणि उन्हात दाब वाढला की यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडत होतं. त्याने नायट्रोजन भरून, नटांना साबणाचा फेस लावून तासभर वाट पाहिली. एक बुडबुडा आला नाही. गळती नव्हतीच, कधीच नव्हती.

मग त्याने कार्ड काढलं, उलटं करून मला दाखवलं. मागच्या बाजूला पाच वर्षांची धूळ उष्णतेने भाजून तपकिरी झालेली, सोल्डरचा एक टाकाही नवा नाही. “हे तुमचंच आहे, दादा. फक्त फिरून आलंय.” मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

नंतर नळ्यांतली हवा काढायला त्याने व्हॅक्यूम पंप लावला आणि काट्यावर बरोबर 0.85 किलो भरला. त्या दिवसापासून एसी भर दुपारीही एकदा बंद पडलेला नाही.

आता दाद मागण्याची कथा. कंपनीच्या खऱ्या नंबरवर फोन केला, तर ‘तो आमचा माणूस नाही’ आणि वर ‘बाहेरच्याने यंत्र उघडलंय, तेव्हा वॉरंटी लागू राहीलच असं नाही’. त्यांच्या नावाने खोटे नंबर फिरतायत, गिऱ्हाईक लुटलं जातंय, आणि शिक्षा मला! तो नंबर काढून टाकण्यासाठी काय करताय, असं विचारलं तर ‘वर कळवतो’. पोलिसांकडे गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले ऑनलाइन पैसे गेलेत तर सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी येऊन काम करून गेला, हे सायबर नाही, तुमच्या पोलीस ठाण्यात जा. परत गेलो. तिथे ठाणे अंमलदार मला समजावत होते, “काम झालं ना? तुम्ही पैसे स्वतःहून दिले ना? मग हा दिवाणी वाद झाला.” मी स्टिकरचा फोटो दाखवला, वजनाच्या काट्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बघितलाही नाही. तीन अर्ध्या सुट्ट्या गेल्या आणि हातात आला एक साधा अर्ज, पोच म्हणून शिक्का मारलेला. बँकेने दोन ओळींत उत्तर पाठवलं: व्यवहार आपणच मंजूर केला आहे. ऑनलाइन तक्रारही नोंदवली. चौदा दिवसांनी बघतो तर तक्रार ‘निकाली’. कुणाचा फोन नाही, चौकशी नाही. पुन्हा उघडली, पुन्हा ‘निकाली’. कोणी निकाली काढली, कशावरून काढली, हे विचारायला त्या पानावर जागाच नाही.

एसी किती वेळा सर्व्हिस करायचा, हे मला कुणी साध्या भाषेत आधी सांगितलं असतं तर हा करारच झाला नसता. रोज वापर असेल तर दर दोन आठवड्यांनी फिल्टर स्वतः काढा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, बसवा. पंधरा मिनिटांचं काम. जाणकार माणसाकडून पूर्ण सर्व्हिस उन्हाळ्याआधी एकदा. वर्षभर एसी चालत असेल, किंवा घर समुद्राजवळ, धुळीच्या रस्त्यावर असेल तर आणखी एकदा. साध्या घरी त्याहून जास्त लागत नाही. कराराचा उपयोग त्यांना आहे: वर्षातून चार वेळा तुमच्या घरात शिरून काहीतरी ‘सापडायची’ सोय होते. आणि कॉइलवर आम्ल मारू देऊ नका, अॅल्युमिनियमच्या पात्या खाल्ल्या जातात आणि मग गळती खरीच होते.

तो खोटा नंबर मी हे लिहायला बसलो तेव्हा पुन्हा शोधून पाहिला. अजून पहिलाच येतो. आणि काल दुपारी मला एक फोन आला. नंबर नवा होता, आवाज तोच. म्हणाला, “साहेब, करारातली तुमची तिसरी सर्व्हिस बाकी आहे, उद्या माणूस पाठवू का?” मी त्याला 360 ग्रॅमचा आकडा सांगितला. त्याने फोन ठेवला.