तीनशे बोर्ड आणि एक्स-रेचे चार फोटो

आमचा भोसरीत छोटा उद्योग आहे, साखर कारखान्यांसाठी डेटा लॉगर, म्हणजे मोजमापांची सतत नोंद ठेवणारी यंत्रं, बनवतो. गेल्या वर्षी त्यातल्या नव्या सर्किट बोर्डाचा 300 नगांचा लॉट बाहेरून असेंबल करून (सुटे भाग सोल्डर करून) घेतला आणि त्यात आमची सरळसरळ फसवणूक झाली. ज्यांचे बोर्ड दाटीवाटीचे आहेत आणि तपासणी जॉबवर्कवाल्यावर सोडलेली आहे, त्यांनी कृपया हे वाचावं.

आमच्या बोर्डावर 256 बॉलची बीजीए चिप आहे, म्हणजे पायांऐवजी सोल्डरचे बारीक गोळे असलेली. हे बॉल चिपच्या पोटाखाली, एकमेकांपासून 0.8 मिलिमीटरवर. एओआयचा, म्हणजे फोटो काढून आपोआप तपासणी करणाऱ्या मशीनचा, कॅमेरा कितीही भारी असला तरी त्याला चिपखालचं दिसत नाही, म्हणून मी एक्स-रे मागितला. त्याचे नगामागे 90 रुपये लावले. शिवाय आयसीटीच्या (बोर्डाच्या जोडण्या विजेने तपासणाऱ्या चाचणीच्या) फिक्श्चरचे, म्हणजे त्या बोर्डासाठी बनवलेल्या पिनांच्या साच्याचे, 1 लाख 40 हजार आगाऊ घेतले. माल आला तेव्हा प्रत्येक बोर्डाचा वेगळा रिपोर्ट होता, त्यावर 'पास'चा शिक्का.

गाळप हंगाम सुरू झाला आणि फोन यायला लागले. सकाळी चालतो, दुपारी पॅनल तापलं की बंद. परत आलेला पहिला बोर्ड टेबलावर घेतला, हॉट एअरने जरा गरम केला. बंद पडला. चिपवर अंगठा दाबला, चालू. अंगठा उचलला, पुन्हा बंद. माझ्या पोटात धस्स झालं. या दोषाला 'हेड इन पिलो' म्हणतात. बॉल आणि बोर्डावर लावलेली सोल्डर पेस्ट दोन्ही वितळतात, पण एकजीव होत नाहीत. उशीवर डोकं टेकवावं तसा बॉल नुसता टेकून राहतो. थंड असताना संपर्क मिळतो, त्यामुळे बोर्ड चालवून बघायच्या फंक्शनल टेस्टमध्ये तो आरामात पास होतो. सरळ वरून घेतलेल्या एक्स-रेतही हा दोष बहुतेक वेळा सुटतो. तिरक्या कोनातून किंवा 3डी घ्यावा लागतो.

त्या रात्री सगळे एक्स-रे ओळीने उघडून बसलो. बॉलमध्ये वायूचे बुडबुडे राहतात, ते फिकट ठिपक्यांसारखे दिसतात आणि प्रत्येक बोर्डात वेगळे पडतात. 17 नंबरच्या बोर्डात कोपऱ्यातल्या बॉलमध्ये एक मोठा बुडबुडा, त्याला चिकटून एक लहान. 21 नंबरमध्ये तीच जोडी, त्याच जागी. 140 मध्येही तीच. 300 बोर्डांना मिळून चार फोटो वापरले होते! सीरियलचं कागदी स्टिकर एक्स-रेत उमटत नाही, त्याचा फायदा घेतला.

मग भिंग घेऊन टेस्ट पॉइंट, म्हणजे तपासणीची पिन टेकवायच्या जागा, बघितले. आयसीटीत बोर्ड स्प्रिंगच्या टोकदार पिनांवर दाबतात, त्यामुळे सोल्डर लावलेल्या पॉइंटवर बारीक टोचा पडतो. आमचे पॉइंट काचेसारखे गुळगुळीत. एकही खूण नाही. आणि बोर्डावरच्या 640 नेटपैकी (नेट म्हणजे भागांना जोडणारी एकेक विद्युत जोडणी) फक्त 210 नेटना टेस्ट पॉइंट देण्याएवढी जागा होती. तरी कोटेशनमध्ये 'शंभर टक्के कव्हरेज' लिहिलं होतं. हे होणारच नव्हतं. तिथेच मी विचारायला हवं होतं.

फिक्श्चर आमच्या पैशाचं, ताब्यात द्या म्हटलं, तर आधी 'दुरुस्तीला गेलंय', मग फोनच उचलेनात. वकिलाची नोटीस गेली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

आता 300 नगांसाठी आम्ही फिक्श्चर करतच नाही, फ्लाइंग प्रोब लावतो, म्हणजे साच्याशिवाय सरकत्या सुयांनी एकेक पॉइंट तपासणारं मशीन. वेळ लागतो, पण फिक्श्चरचा खर्च वाचतो. चिपखालच्या जोडांसाठी जेटॅगची बाउंडरी स्कॅन (चिपच्या आतल्याच सर्किटने तिच्या पिनांच्या जोडण्या तपासायची पद्धत) स्वतः चालवतो, तीही बोर्ड तापलेला असताना. आयईईई 1149.1 हे त्याचं मानक 1990 पासून आहे आणि चार तारांत काम होतं, पण डिझाइन करतानाच कनेक्टरला जागा ठेवावी लागते. एक्स-रेच्या मूळ फाइल वेळेच्या नोंदीसकट मागतो, आणि पाच बोर्ड आपण निवडून त्यांचे एक्स-रे समोर उभं राहून काढून घेतो. असेंब्लीवाल्यांनी कां-कूं केली तर ऑर्डर देऊ नका.

या वेळी तपासणीच्या लॉटमध्ये आम्हीच न सांगता दोन बिघडलेले बोर्ड मिसळून दिले: एकातला रेझिस्टर काढलेला, दुसऱ्यात दोन पिना सोल्डरने जोडलेल्या. संध्याकाळी नव्या असेंब्लीवाल्यांचा फोन आला, "साहेब, 44 आणि 203 मध्ये प्रॉब्लेम आहे."