वरून बावाजींची फियाट, आतून काळी-पिवळी

जुनी फियाट घेताना फसलो, ३,८५,००० रुपयांना. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो अजून कुणाला ठाऊक नाही. बायकोला मी २,७५,००० सांगितलेत.

जुन्या गाड्यांच्या बाजारात काय काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. पुट्टी भरलेला पत्रा, मागे फिरवलेलं किलोमीटर, 'एकाच हातातली गाडी'. मलाही माहीत होतं. तीन वर्षं वाचत होतो, रविवारी जुन्या बाजारात जाऊन फियाटचे बॅज आणि दाराची हँडल्स धुंडाळत होतो. त्यामुळे कुणी 'एवढा शिकलेला माणूस आणि...' असं सुरू केलं की कानशिलं तापतात.

गाडी १९६९ ची फियाट ११०० डिलाइट. क्रीम रंग, स्टिअरिंगवरचा गिअर, सीटवर पांढरे अभ्रे. कॅम्पातल्या एका पारशी म्हाताऱ्याची, म्हणे. पारशी माणूस गाडी पोटच्या पोरासारखी जपतो हे पुण्या-मुंबईत कुणाला पटवावं लागत नाही. विकणारा इसम आधी तो बावाजी विकत होता, गाडी नंतर. शिवाय पन्नास वर्षं उलटलेली म्हणजे व्हिंटेज म्हणून नोंदता येईल, 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळेल, हे आमिष होतंच. नियम २०२१ पासून खरोखर आहे, म्हणून तर गळाला लागलो.

सांगितले ४,७५,०००, ठरले ३,८५,०००. टोकन ११,००० मोबाइलवरून, २,२४,००० बँकेतून आणि १,५०,००० रोख. रोख का दिलीस, हा प्रश्न मला आतापर्यंत चौदा जणांनी विचारलाय. 'बावाजींच्या मुलीला कॅशच हवीय' म्हणाला, म्हणून दिली. तुम्ही देऊ नका.

आता डिकीचं.

मॅट मी स्वतःच्या हातानं उचलली होती. खाली चार भोकं, दोन-दोनच्या जोडीनं, कडा गंजलेल्या. "ही कसली?" मी विचारलं. "बावाजी पेट्रोलचा कॅन बांधून ठेवायचे, दादा. महाबळेश्वरला जायचे ना दरवर्षी." आणि मी हसलो! डोळ्यांसमोर टोपीतला म्हातारा आणि पसरणीचा घाटसुद्धा आला. पाच लिटरच्या कॅनला करंगळीएवढे बोल्ट कशाला लागतील? मुंबईच्या टॅक्सीत सीएनजीची टाकी डिकीत असते, म्हणून बॅग मांडीवर घेऊन मी दादर ते कुलाबा कितीतरी वेळा गेलोय. तरी मॅट परत नीट पसरून ठेवली. ती मॅट अजून स्वप्नात येते.

काहीच बघितलं नाही असं मात्र म्हणू नका. बॉनेटला हात लावून इंजिन गार असल्याची खात्री केली होती, अर्ध्या सेल्फमध्ये चालू झालं. सिंहगड रोडवर आठ किलोमीटर चालवली. राहिला तो गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर. छाप घ्यायला पेन्सिल-कागद खिशात होता, पण तिथून थेट पुतण्याच्या मुंजीला जायचं होतं, अंगावर पांढरा झब्बा. "छाप काढून ठेवलीय दादा, हात कशाला काळे करता?" कागदावरची छाप आरसीशी, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राशी, अंकन् अंक जुळत होती. जुळणारच! छाप स्वतः घ्या, मुंज चुकली तरी चालेल.

महिन्याभरानं टपावर फुगा आला म्हणून नाना पेठेतल्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी खरवडलं तर क्रीमखाली पिवळा. दार खरवडलं तर काळा. डावीकडे, काचेपुढे मीटर बसतो तिथलं भोक पुट्टीनं बुजवलेलं. मेस्त्री काही बोलले नाहीत, पोऱ्याला चहा आणायला पाठवलं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी (याच फियाटचं पुढचं नाव) टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या, त्याआधी वर्षानुवर्षं भंगारात जातच होत्या. त्यातली एक माझ्या पार्किंगमध्ये आली. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे ही १९६९ ची असणं शक्यच नाही. पुढची जाळी आणि बॅज डिलाइटचे, चेसिस नंबरचा तुकडा कापून वेल्ड केलेला, आरसी कुठल्यातरी मेलेल्या गाडीची. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या. टपावर, दाराच्या खालच्या कडेला फिरवा. चिकटत नसेल तर घरी या.

मेस्त्रींचे ४६,३०० झाले, नाव बदलून देणाऱ्या एजंटाचे १८,५०० बुडाले. एकूण ४,४९,८००.

परिवहन कार्यालयात गेलो, तर "गाडी तुमच्या नावावर नाही, मग तक्रार करणारे तुम्ही कोण?" ज्यांच्या नावावर आहे ते वारलेत आणि मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर त्यांची ताजी सही आहे, हे दाखवलं. साहेबांनी तेवढ्याच थंडपणे सांगितलं, नंबरात छेडछाड झालेली गाडी बाळगल्याबद्दल ती जप्त होऊ शकते. माझीच! कोऱ्या फॉर्मवर आधीच सही दिसली की पैसे खिशात ठेवून चालू लागा.

चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला, वकील गाठा. मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम छापून नेलं, तर हवालदारांनी त्याच्या पाठीमागे माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. मग हद्द निघाली. गाडी पाहिली पुणे पोलिसांच्या हद्दीत, रोख दिली पिंपरी-चिंचवडच्या. इकडचे म्हणतात तिकडे जा, तिकडचे म्हणतात टोकन कुठून पाठवलंत? सोफ्यावर बसून पाठवलं, साहेब! कुठेही गुन्हा नोंदवून पुढे वर्ग करता येतो म्हटलं, तर "कायदा आम्हाला शिकवू नका." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तिथली मुलगी निदान नीट बोलली, पण रोख रकमेचं ती तरी काय करणार. पाच हेलपाटे झाले, पोच एकाच अर्जावर मिळाली, तीही शिक्का पुसट. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका.

परवा त्या विकणाऱ्याची नवी जाहिरात दिसली. तीच शेड, तेच पांढरे अभ्रे, या वेळी गाडी हिरवी आणि मालक रिटायर्ड कर्नल. स्क्रीनशॉट घेऊन चौकीत गेलो. बुधवारी या म्हणालेत, साहेब बंदोबस्तावर नसले तर.