‘डॉक्टर हू: शाडा’ – बाइंडिंग सुटल्यानंतरचा रिव्ह्यू

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेवरच्या या कादंबरीचं पेपरबॅक घेऊन काही महिने झाले आणि पुस्तकाचा कणाच मोडला. केंब्रिजमधल्या सायकलच्या पाठलागाची पानं तर अख्खीच्या अख्खी हातात आली. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, परत घ्यायची मुदत संपली, आणि ‘अतिवापरामुळे’ असं होतं म्हणे. अतिवापर? मिक्सर आहे का तो? चारशेच्या आसपास पानं नुसत्या गोंदावर उभी करायची, शिलाईचा एक दोरा नाही, आणि वर दोष वाचणाऱ्याचा. हार्डकव्हर न घेता वाचवलेले पैसे असे वसूल झाले.

त्यात कथाच एका पुस्तकाची. गॅलिफ्रे या डॉक्टरच्या ग्रहाचा एक प्राचीन ग्रंथ केंब्रिजचा क्रिस पार्सन्स प्राध्यापक क्रोनॉटिसच्या खोलीतून चुकून उचलून नेतो. ग्रंथाचं वय तपासलं तर उणे येतं, आणि टार्डिसमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या कालयानात, त्याची पानं उलटत गेलं की थेट शाडाच्या तुरुंगात. माझ्या प्रतीची पानं उलटली की थेट फरशीवर.

१९७९मध्ये संपामुळे मालिकेतल्या ‘शाडा’ या कथेचं चित्रीकरण अर्धवट राहिलं, हे सगळं इथे येणाऱ्यांना पाठ असेल, ते उगाळत नाही. डग्लस ॲडम्सच्या पटकथेवरून गॅरेथ रॉबर्ट्सने २०१२मध्ये ही कादंबरी केली. पहिल्या वाचनात मी तीनच तारे काढून ठेवले होते. याच मालिकेवरची, टार्गेट प्रकाशनाची टेरन्स डिक्सची बारकी पुस्तकं एका बैठकीत होतात. इथे क्रिस त्याच्या मैत्रिणीला, क्लेअरला, मनातलं सांगणार, सांगणार आणि पुन्हा सांगत नाही. दर वेळी तेच. एकदा सांगून टाक रे बाबा.

मग २०१७ची, राहिलेला भाग ॲनिमेशनने जोडलेली आवृत्ती पाहिली आणि मत बदललं. पडद्यावरचा खलनायक स्काग्रा म्हणजे टोपी, झगा आणि तोरा. कादंबरीत पहिल्याच पानावर पाच वर्षांचा स्काग्रा ठरवतो की देव नाही. लोकांना अशाने दिलासा मिळतो किंवा नैराश्य येतं. याला वाटतं, म्हणजे जागा रिकामी आहे! संपली ओळख. पुढे विश्वातल्या सगळ्या मनांत स्वतःचं मन घालायला निघालेला माणूस खरा वाटतो तो या एका पानामुळे. क्लेअरच्या वाट्यालाही पडद्यापेक्षा बरंच काही आलंय.

सगळ्यात जास्त हसलो ते स्काग्राच्या यानाला. आपण मेलोय, आणि मेलेला माणूस शत्रू कसा असेल, असं डॉक्टर त्याला पटवतो. यानाला पटतंही. मग मेलेल्यांना श्वास कशाला हवा, म्हणून ते ऑक्सिजनच बंद करतं! ॲडम्सचा हा हिशोब रॉबर्ट्सने कुठेही बिघडवलेला नाही.

ॲडम्सने १९८७च्या डर्क जेंटलीच्या कादंबरीत क्रोनॉटिस पुन्हा वापरला होता. ती वाचली असेल तर प्राध्यापकांची खोली ओळखीची वाटेल.

आता चार तारे. पाचवा गोंदाने खाल्ला. घ्यायचंच असेल तर हार्डकव्हर बघा, नाहीतर ऑडिओबुक. ते लाला वॉर्डने, म्हणजे मालिकेत डॉक्टरची सोबतीण झालेल्या खुद्द रोमानानेच वाचलंय, आणि के-नाइन या यांत्रिक कुत्र्याचा आवाजही जॉन लीसनचाच आहे. माझी प्रत सध्या रबरबँडवर तग धरून आहे. एक मित्र वाचायला मागतोय, पण देत नाही. परत घेताना पानं कोण मोजत बसणार?