जुन्या गाडीचे काटे आणि मल्टिमीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

व्होल्टेज आणि रोध मोजणारा हा डिजिटल मल्टिमीटर घेतला तो एकाच कारणासाठी. माझ्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा गाडी सुरू करून दहा मिनिटं होत नाहीत तोच लाल पट्टीला टेकायचा. पाणी पूर्ण, पंखा चालू, रेडिएटरची कॅप घट्ट. इंजिन खरंच तापत असेल तर काट्यावर संशय घेणं महागात पडतं, म्हणून आधी इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या घराजवळ तापमान पाहिलं. ८५ अंशांच्या आसपास, म्हणजे अगदी ठीक. तरीही गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट बदलला गेला, मग सेंडर, म्हणजे इंजिनाचं तापमान काट्याला कळवणारा भाग. काटा होता तिथेच. पुढचा सल्ला आला तो अख्खा कन्सोल बदलण्याचा, आणि तिथे मी थांबलो. आधी मोजायचं, मग बदलायचं, असं ठरवलं.

नीट पाहिल्यावर लक्षात आलं की पेट्रोलचा काटाही चढाच दाखवतोय. टाकी अर्धी, काटा पाऊणच्या वर. दोन काटे एकाच वेळी एकाच दिशेने चुकत असतील तर दोन सेंडर एकदम बिघडण्यापेक्षा दोघांचा सामाईक पुरवठा बिघडण्याची शक्यता कितीतरी जास्त. माझ्या गाडीत द्विधातू पट्टीचे (दोन धातू एकत्र जोडलेल्या पट्टीचे) गेज, म्हणजे काटे, आहेत. आत एक पट्टी, तिच्यावर तारेचे वेढे. प्रवाह वाढला की पट्टी तापून वाकते आणि काटा वर सरकतो. म्हणूनच हे काटे चावी फिरवल्यावर सावकाश चढतात. बॅटरीचा व्होल्टेज १२.६ ते १४.४ असा वरखाली होत असल्यामुळे त्यांना कन्सोलच्या मागचा एक छोटा स्टॅबिलायझर सरासरी १० व्होल्ट देतो. तोही पट्टीचाच: पट्टी तापली की संपर्क सुटतो, गार झाली की जुळतो. चालू-बंद, चालू-बंद.

आणि स्टॅबिलायझरच्या या डबीला बॉडीचा अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीच्या लोखंडाशी विजेचा जोड) मिळाला नाही, तर तिची पट्टी तापतच नाही, संपर्क सुटत नाही आणि बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज गेजकडे जातो. मल्टिमीटरचा एक प्रोब (वायरीच्या टोकाची मोजायची कांडी) डबीच्या पत्र्याला, दुसरा बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावला. शून्य यायला हवं होतं. आले १२ व्होल्ट. डबी धरणारा स्क्रू काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, स्क्रू परत आवळला, आणि दोन्ही काटे खाली येऊन जागेवर बसले. बदललेला थर्मोस्टॅट आणि सेंडर दोन्ही निर्दोष होते. माझ्यासाठी हे यंत्र त्या दिवशीच वसूल झालं.

मात्र स्टॅबिलायझर ठीक झाल्यावर त्याचा आउटपुट मोजायला गेलो तर आकडे नाचायला लागले. ० काय, १२ काय, मधलेच काहीतरी. हा मल्टिमीटरचा दोष नाही. चालू-बंद होणारा पुरवठा डिजिटल आकड्यांत पकडता येत नाही. अशा ठिकाणी जुना काट्याचा मल्टिमीटर जास्त उपयोगी, त्याचा काटा तालात हलताना स्पष्ट दिसतो. आकडे नाचतायत म्हणजे स्टॅबिलायझर जिवंत आहे, एवढं समजून घ्यायचं.

पावसाळ्यात दुसरं दुखणं निघालं. पेट्रोलचा काटा मध्येच रिकाम्यावर जायचा आणि पडून राहायचा. माझ्या गाडीत टाकीवरच्या सेंडरची वायर काढून बॉडीला टेकवली की काटा भरलेल्याकडे जायला हवा. (काही गाड्यांत हे उलटं असतं, शून्य ओम म्हणजे रिकामी टाकी. म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल आधी पाहा. आणि वायर टाकीच्या तोंडापासून लांब नेऊनच टेकवा, ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र नकोत. काटा हलला की लगेच काढायची, जास्त वेळ ठेवली तर गेज जळू शकतो.) काटा हललाच नाही. पण त्याच सुट्या वायरवर मल्टिमीटर व्होल्टेज दाखवत होता! इथे मी जवळपास अर्धा दिवस घालवला.

कारण असं की मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. याचा अंतर्गत रोध १० मेगाओम आहे. मध्ये कुठेतरी कळकलेला जोड असला तरी त्याला पलीकडचा व्होल्टेज दिसतोच. प्रवाह वाहू लागला की मात्र सगळा व्होल्टेज त्या जोडातच खर्च होतो. म्हणून वायर क्षणभर बॉडीला टेकवलेली ठेवून, वाटेतल्या प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे प्रोब लावत गेलो. डिकीतल्या गालिच्याखालच्या एका कनेक्टरवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज सापडला. उघडला तर आत हिरवा कळंक. धड जोडावर या रीतीने ०.१ व्होल्टही दिसू नये. नवीन टर्मिनल दाबून बसवलं, काटा उठला.

याच शोधात मल्टिमीटरच्या बीपरने मात्र फसवलं. कंटिन्यूटीला, म्हणजे वायर सलग असली की वाजायच्या सोयीवर, लावला तर तो कनेक्टर हलवताना मध्येच खुशाल वाजायचा. माझा मल्टिमीटर साधारण ३० ओमच्या आत काहीही असलं की वाजतो, आणि ३० ओम म्हणजे पेट्रोलच्या काट्यासाठी फार मोठा फरक. त्यामुळे आता बीपर मी फक्त फ्यूज आणि तुटलेली वायर पाहायला वापरतो. जोडांसाठी आकडाच वाचतो. तोही चावी बंद आणि वायर सुटी करून. प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.३ ओम येतो, तेवढा वजा करतो.

तक्रारी आहेत. सोबतच्या वायरी कडक आहेत आणि प्रोबची टोकं जाड, कनेक्टरच्या मागून आत जात नाहीत. सुईसारखी टोकं वेगळी घ्यावी लागली. ऑटोरेंज (मोजायची मर्यादा आपोआप निवडणं) ओमचा आकडा स्थिरावायला दोन-तीन सेकंद घेतो, त्यामुळे पेट्रोलच्या सेंडरचा फ्लोट (टाकीतला तरंगता भाग) हाताने वर-खाली करताना मधला तुटक भाग निसटतो. हा मोठा तोटा आहे. रेंज हाताने बांधायचं बटण दाबून ठेवलं की बरंच जमतं. आणि लाल वायर ॲम्पिअरच्या भोकात राहिली असताना व्होल्टेज मोजू नका. माझा आतला फ्यूज तसाच गेला. फ्यूज होता म्हणूनच बाकीचं वाचलं. नवीन घालताना त्याच क्षमतेचाच घातला.

काढलेला जुना तापमानाचा सेंडर पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसोबत गरम करून पाहिला. थंड असताना सुमारे ५०० ओम, उकळीला ४० च्या आत, मध्ये कुठेही उडी नाही. तो चांगला होता याची खात्री पटली आणि जपून ठेवला.

हे सगळे आकडे एका वहीत लिहून गाडीतच ठेवलेत, प्रत्येक सेंडरचा रोध, प्रत्येक अर्थ बिंदूवरचा व्होल्टेज. परवा तेलाच्या दाबाचा काटा संथ इंजिनवर नेहमीपेक्षा खाली दिसला. वही उघडली, सेंडरची वायर तपासली, अर्थ तपासला, सगळं पूर्वीसारखंच. म्हणजे खरा दाबच कमी असू शकतो, आणि तो दाब मल्टिमीटर सांगू शकत नाही. रविवारी सेंडर काढून त्या भोकात यांत्रिक दाबमापक बसवणार आहे. तोवर गाडी उभीच.