थंडीत अडकलेल्या पर्पल मार्टिनना काय द्यावं: रातकिडे, मीलवर्म, अंडी की काहीच नाही?

अमेरिकेत किंवा दक्षिण कॅनडात राहणाऱ्या ज्या मराठी घरांच्या परसात उंच खांबावर पर्पल मार्टिनची घरटी टांगलेली आहेत, त्यांच्यासाठी एप्रिल हा काळजीचा महिना असतो. पक्षी येऊन ठेपलेले असतात आणि हवामानाचा अंदाज सांगतो की पुढचे चार दिवस पाऊस, वारा आणि ४२ अंश फॅरनहाइट. अशा वेळी खाऊ घालायचं की नाही, घालायचं तर काय आणि कसं, हे आधीच ठरवलेलं बरं. पक्षी मलूल दिसू लागल्यावर शोधाशोध केली तर उशीर झालेला असतो.

पर्पल मार्टिन हा उत्तर अमेरिकेतला भिंगरीकुळातला सर्वांत मोठा पक्षी. आपल्याकडे हिवाळ्यात तारांवर रांगेनं बसणाऱ्या भिंगऱ्यांचा हा नातलग, पण अंगानं थोराड, वजन ५० ग्रॅमच्या आसपास. थंडीचे महिने ब्राझीलच्या बाजूला काढून तो जानेवारीअखेर-फेब्रुवारीत टेक्सास आणि लुइझियानात, तर एप्रिलमध्ये ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मिशिगनला पोहोचतो. मोठ्या वयाचे पक्षी सर्वांत आधी येतात, कारण लवकर येणाऱ्याला टांगलेल्या घरातला चांगला कप्पा मिळतो. हीच घाई एखाद्या वर्षी जिवावर बेतते. फेब्रुवारी २०२१च्या हिमलाटेत टेक्सासमध्ये लवकर आलेले कितीतरी मार्टिन मेले.

त्यांना मारते ती मुख्यतः उपासमार. पोटात अन्न असेल तर हा पक्षी गारठा बऱ्यापैकी सोसतो. पिसं फुगवतो, वाऱ्याच्या आडोशाला बसतो, ऊन पडलं की पंख पसरून शेकत राहतो, आणि रात्री एकाच कप्प्यात दाटीवाटीनं शिरून ऊब धरतो. अडचण अशी की तो जवळजवळ सगळं अन्न उडता उडता हवेतच पकडतो, आणि साधारण ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली किडे उडायचे थांबतात. मग मार्टिन तळ्यावर, नदीवर अगदी पाण्याला टेकून उडताना दिसतो, कारण पाण्यातून नुकतीच बाहेर पडलेली चिलटं तिथेच थोडीफार सापडतात. दोन-तीन दिवस तो अंगातल्या चरबीवर काढतो. त्यानंतर मरू लागतो.

म्हणून नुसता तापमापक बघून निर्णय घेऊ नका. ४६ अंशांवर वारा पडलेला असेल आणि ऊन असेल तर जवळच्या तळ्यावर पोटापुरतं मिळून जातं. उलट ५४ अंशांवर संततधार आणि जोराचा वारा असेल तर काहीच मिळत नाही. मोजायचे ते उपाशी दिवस. पहिला दिवस त्यांचा, दुसऱ्या दिवशी तुमची तयारी हवी.

खाऊ घालावं की निसर्गावर सोडावं?

न घालण्याच्या बाजूचं म्हणणं हलकं नाही. नेब्रास्कात मे १९९६मध्ये सहा दिवस थंडी टिकली तेव्हा तिथल्या क्लिफ स्वॅलो या भिंगऱ्या हजारोंनी मेल्या. चार्ल्स ब्राऊन आणि मेरी बॉम्बर्गर ब्राऊन हे जोडपं त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होतं. मेलेले आणि वाचलेले पक्षी मोजून पाहिल्यावर त्यांना दिसलं की वाचलेल्यांत अंगानं मोठे पक्षी जास्त होते. म्हणजे थंडीची लाट निवड करते, आणि आपण खाऊ घालून त्या निवडीत हात घालतो. फार लवकर येणाऱ्या पक्ष्यांना आपण वाचवत राहिलो तर लवकर येण्याची सवयच टिकवतो, अशीही शंका घेतली जाते.

तरीही मी खाऊ घालण्याच्या बाजूनं आहे. रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडे हा पक्षी आता जवळजवळ पूर्णपणे माणसानं टांगलेल्या घरांत राहतो. चोक्टॉ आणि चिकसॉ हे अमेरिकेतले मूळ रहिवासी गावात त्याच्या घरट्यासाठी पोकळ भोपळे टांगत, तेव्हापासून त्याचा ओढा माणसाच्या अंगणाकडे वळत गेला. जुन्या झाडांतल्या सुतारपक्ष्यांच्या ढोल्या आपण तोडल्या, बाहेरून आणलेल्या स्टार्लिंग (मैनेच्या कुळातला पक्षी) आणि घरचिमण्यांनी उरलेल्या जागा बळकावल्या. इतकं सगळं आपल्या हातून झाल्यावर फक्त थंडीच्या चार दिवसांपुरतं ‘निसर्गावर सोडू’ म्हणणं मला पटत नाही. एखादी वसाहत संपली तर ती जागा पुन्हा भरायला वर्षं लागतात, कधी ती भरतही नाही.

एक मात्र खरं. तुमच्याकडे नुकतीच एखादी जोडी डोकावून जात असेल, ती मुक्कामाला राहतच नसेल, तर या खटाटोपातून फारसं हाती लागणार नाही. ती थंडीत दुसरीकडे, बहुधा पाण्याकडे निघून जाते. ही सगळी तयारी मुक्कामी वसाहतीसाठी आहे.

रातकिडे, मीलवर्म की अंडी?

मार्टिनला स्थिर पडलेलं अन्न हे अन्न वाटतच नाही. समोर ताटलीत मीलवर्म (एका किड्याच्या अळ्या) वळवळत असले तरी त्यांच्या शेजारी बसून तो उपाशी मरू शकतो. त्यामुळे पहिला प्रश्न काय आवडेल हा नसून काय ओळखता येईल हा आहे, आणि त्यात रातकिडा पुढे आहे. त्याचा आकार मार्टिनच्या रोजच्या शिकारीसारखा, हवेत भिरकावला तर नीट दूर जातो आणि किडा उडतोय असंच दिसतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात जिवंत मिळतात. ते फ्रीझरमध्ये ठेवून मारायचे आणि वापरण्याआधी पूर्ण वितळवायचे. मोठ्या प्रमाणात गोठवलेले मागवणं स्वस्त पडतं. वीस-तीस पक्ष्यांची वसाहत चार दिवस नुसत्या रातकिड्यांवर सांभाळायची म्हटली तर खर्च जाणवतो, हाच त्यांचा दोष.

मीलवर्म फ्रिजमध्ये आठवडेच्या आठवडे टिकतात, ही मोठी सोय. पण हलके असल्यामुळे वाऱ्यात भिरकावता येत नाहीत, उंच जातच नाहीत. ताटलीवर खायला शिकलेल्या पक्ष्यांसाठी उत्तम, शिकवायला निरुपयोगी. वाळवलेले मीलवर्म घेऊ नका. उपाशी पक्ष्याला अन्नातून पाणीही हवं असतं.

अंडी ही सर्वांत स्वस्त आणि रात्री दहा वाजताही घरात हजर असणारी गोष्ट. तेल, मीठ, दूध, कांदा-मिरची काहीही न घालता नुसती परतायची, कोरडी होऊ द्यायची नाहीत, आणि थंड झाल्यावर रातकिड्याएवढे तुकडे करायचे. तुकडे गोठवूनही ठेवता येतात. शिकलेले मार्टिन ती आवडीनं खातात. पक्ष्यालाच अंडं कसं खाऊ घालायचं असं अनेकांना आधी वाटतं, पण उपाशी शरीराला प्रथिनं आणि स्निग्धांश हवेत आणि अंड्यात दोन्ही आहेत. आधीच शिकलेले पक्षी असतील तर अंड्यांनीही सुरुवात जमते.

माझी निवड विचाराल तर शिकवायला रातकिडे आणि पोट भरायला अंडी. मीलवर्म सोबत असले तर छान, नसले तर अडत नाही.

भिरकावणं की ताटली?

या दोन पद्धतींची स्पर्धा नाही, त्या एकामागून एक येतात. आधी भिरकावणं. प्लास्टिकचा लांब चमचा किंवा बेचकी घ्यायची, खांबापासून थोडं दूर उभं राहायचं आणि बसलेल्या पक्ष्यांच्या समोरून रातकिडा वर उडवायचा. अंगावर मारायचा नाही. पहिले कित्येक किडे जमिनीवर पडतात. मग एखादा पक्षी झेपावतो आणि त्याचं बघून बाकीचे शिकतात. पोट भरलेलं असताना ते ढुंकून बघत नाहीत, म्हणून हे शिकवणं थंडीच्या दुसऱ्या दिवशीच साधतं. उपास चौथ्या दिवसावर गेला तर झेपावण्याचंही बळ उरत नाही.

पक्षी झेलू लागले की काही तुकडे त्यांच्या बसण्याच्या जागेजवळ, उंचावरच्या ताटलीत पडतील असे टाकायचे. ताटली घरांच्या पातळीला हवी, जमिनीवर ठेवलेलं मार्टिन सहसा बघत नाहीत. एकदा ताटलीची ओळख पटली की तुम्ही कामावर जाऊ शकता, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला हाच फरक सर्वांत मोठा. त्याच पक्ष्यांपैकी काही पुढच्या वर्षी परत येतात आणि ताटली ओळखतात, म्हणजे पहिल्या वर्षाची मेहनत पुढे उपयोगी पडते. ताटलीवर स्टार्लिंगही टपून असतात, तेव्हा एकदम ढीग न ठेवता दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं ठेवावं.

ॲल्युमिनियमचं घर की भोपळा?

हा निर्णय थंडीच्या आधीचा आहे. पातळ ॲल्युमिनियमचं घर हलकं, टिकाऊ आणि धुवायला सोपं, पण थंडी अडवत नाही. जुन्या ६ बाय ६ इंची कप्प्यांत तर वारा आणि पावसाची झड पार आतपर्यंत जाते. दोन कप्पे जोडून ६ बाय १२ इंचांची खोली केली तर घरटं दारापासून लांब, कोरड्यात राहतं. या घराची एक जमेची बाजू म्हणजे दारापुढची पडवी. अंड्याचे तुकडे थेट तिथे ठेवता येतात.

भोपळ्याचा पोटाचा भाग खोल, त्यामुळे आत झोत लागत नाही. अस्सल वाळवलेला भोपळा ऊब चांगली धरतो. हा दुधीच्याच जातीचा भोपळा आहे. पंढरपूरकडे पिकून मिरजेत ज्याचे तंबोरे होतात, तोही त्याच जातीचा. दर वर्षी त्याला रंग आणि डागडुजी लागते, ते नको असेल तर जाड प्लास्टिकचे मिळतात. कोणतंही घर असो, तळाशी पाइनच्या वाळलेल्या सुयांचा थर आधीच घालून ठेवा. उत्तरेकडच्या राज्यांत मी भोपळाच घेईन आणि सोबत ताटली बसवीन. टेक्साससारख्या ठिकाणी, जिथे थंडीपेक्षा मे-जूनचं ऊन जास्त छळतं, तिथे हवा खेळती राहणारं पांढरं घर निवडण्यात काही चूक नाही.

थंडी लांबली की रोज एकदा सगळे कप्पे पाहायला हवेत. ऊब धरायला एकात अनेक पक्षी शिरले की खाली दबलेला मरू शकतो आणि मेलेला पक्षी दार अडवून बसतो. हे दुपारी करा, पहाटे नाही. गारठलेल्या पक्ष्यांना कप्प्याबाहेर पडायला लावणं म्हणजे त्यांची उरलीसुरली शक्ती खर्च करणं.

धोका एप्रिलबरोबर संपतो असंही नाही. जून १९७२मध्ये ॲग्नेस वादळाच्या पावसानं पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या राज्यांत पिलांसकट मार्टिन मोठ्या प्रमाणावर मेले, आणि कितीतरी वसाहती ओस पडल्या. तेव्हा फ्रीझरमधले उरलेले रातकिडे मे महिन्यात टाकून देऊ नका.

जमिनीवर पडलेला पक्षी सापडला तर त्याला हवा खेळेल अशा खोक्यात, अंधाऱ्या आणि उबदार जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानुसार अमेरिकेत तो घरात पाळता येत नाही, म्हणून परवानाधारक वन्यजीव पुनर्वसनकर्त्याकडे लगेच सोपवा. तुमच्या भागातल्या अशा व्यक्तीचा फोन नंबर मार्चमध्ये, रातकिडे मागवतानाच शोधून ठेवा.