निजामीचं 'खुसरो व शिरीन': काही महिने वाचल्यावरचा अनुभव

निजामी हा बाराव्या शतकातला फारसी कवी, आणि 'खुसरो व शिरीन' हे त्याचं प्रेमकाव्य. इंग्रजी भाषांतर हाताशी, मोबाईलवर गंजूर या फारसी कवितेच्या साईटचं मूळ फारसी आणि तिथलाच वाचनाचा ऑडिओ, असं करत गेले काही महिने रोज थोडं थोडं वाचतोय. बैत (दोन ओळींची जोडी) सुमारे 6500, त्यामुळे घाई करून उपयोग नाही.

शाहनामा (फिरदौसीचं इराणी राजांवरचं महाकाव्य) आधी वाचला असेल तर फरक लगेच जाणवतो. हेच इराणचा राजा खुसरो परवेझ आणि त्याची प्रेयसी शिरीन तिथेही आहेत, पण तिथे राज्यकारभार, लढाया, आणि प्रेम आलं तर जाता जाता. निजामी तर सरळ म्हणतो की फिरदौसीनं साठीत लिहिलं म्हणून प्रेमाचा भाग सोडून दिला, असला टोमणा मारायला डेअरिंग लागतं राव! मग स्वतः 1180 च्या सुमारास गंजा शहरात बसून वृत्तच बदलतो, मफाईलुन मफाईलुन फऊलुन, जे कवी गुरगानीनं 'वीस व रामीन' या प्रेमकाव्याला आधीच वापरलेलं.

मला सगळ्यात भावला तो बारबद-नकीसा या दरबारी गायकांचा प्रसंग. रुसलेली शिरीन तंबूत लपलीये, खुसरोला पत्ता नाही, नकीसा तिच्या मनातलं गातो, बारबद राजाच्या वतीनं उत्तर देतो, असं आळीपाळीनं चालतं आणि शेवटी शिरीनला राहवत नाही, ती आतून आवाज देते. म्हणजे गाणं चालू असताना कथा थांबत नाही, गाण्यामुळेच पुढे सरकते. आपल्या कीर्तनात आख्यान रंगात आलं की बुवा पद घेतात तसंच काहीसं, फक्त इथे पदानंच भांडण मिटतं. आणि गंमत म्हणजे ही गाणी नावाला गझल, यमक मसनवीचंच, म्हणजे बाकीच्या कथाकाव्यासारखंच, दर बैताला नवं, त्यामुळे जोड दिसतच नाही.

शिरीनच्या प्रेमात पडलेला शिल्पकार फरहाद आणि खुसरो यांचे सवालजवाब ऑडिओवर ऐकाच, राजा एका ओळीत विचारतो, फरहाद दुसऱ्या ओळीत गप्प करतो, भाषांतरात तो वेग पार जातो.

कंटाळा येतो तो सुरुवातीच्या स्तुतीचा, ती बिनधास्त सोडा. बर्फात खाली उभा खुसरो आणि गच्चीवर शिरीन हा वादही जरा ताणलाय, पण तिचं बोलणं इतकं धारदार की माफ.

आता दिल्लीच्या कवी अमीर खुसरोचं 'दुवलरानी खिज्रखान' घेतलंय. त्यात प्रियकर (अलाउद्दीन खिलजीचा मुलगा खिज्रखान) आणि प्रेयसी यांच्या तोंडी गझला घातल्यात, आणि नायिका म्हणजे गुजरातचा राजा कर्ण वाघेलाची मुलगी देवलदेवी, जिची सोयरीक देवगिरीच्या यादवांकडे चालली होती. चांगलं भाषांतर कुणाला माहीत असेल तर सांगा.