आईच्या हाताच्या नावाखाली 97,040 रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

गेल्या जूनमध्ये आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू. सांगलीहून मिरजेला नेईपर्यंत मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत टळून गेली होती. नऊ दिवसांनी घरी आणलं तेव्हा बोलत होती, धरून चालत होती, पण हात लाकडासारखा. तीस वर्षं ब्लाऊज शिवून तिने आम्हा दोघा भावंडांना शिकवलं, त्याच हाताने. हे आधी सांगतोय, कारण "तुम्ही शिकलेले असून कसे फसलात?" हे ऐकून माझे कान किटलेत.

फिजिओथेरपीच्या मॅडम रोज घरी यायच्या, 500 रुपये. टेबलावर रुमालावरून हात पुढे सरकवायचा, पेला धरायचा, सोडायचा, वाटीतले वाटाणे उचलायचे. तेच ते, शेकडो वेळा. पाचव्या आठवड्यात अंगठा जरासा हलला. मॅडमना केवढा आनंद! आम्हाला मात्र वाटलं, पाच आठवडे झाले आणि नुसता अंगठा?

त्याच आठवड्यात मोबाइलवर ती जाहिरात आली. '90 दिवसांत हात पूर्ववत, लेखी हमी.' लकव्यात हमी देणारा माणूस दिसला की तिथूनच मागे फिरा. हात किती परत येईल याची हमी कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देत नाही.

नावनोंदणीचे 21,000 भरले. मग पुण्याहून माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, तोंडात 'न्यूरो' हा शब्द. आईच्या हाताला हवेच्या नळ्या लावलेला हातमोजा चढवला, बटण दाबलं आणि मिटलेली बोटं उघडली. मिटली. परत उघडली. आई रडायला लागली. मी व्हिडिओ काढत होतो, माझेही हात थरथरत होते.

आणि मध्येच मशीनची बॅटरी संपली. बोटं होती तशी आत वळली, घट्ट मूठ झाली. तो म्हणाला, "काकू, आता तुम्ही उघडा बघू." आईने दात-ओठ खाल्ले, कपाळाला घाम आला, एक बोट हललं नाही. त्याने घाईघाईने चार्जर शोधला, आणि मी विचारलं, "एक्स्टेन्शन बोर्ड आणून देऊ का?"

हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. बोटं मशीन उघडत होतं, आई नाही. मेंदूकडून हाताकडे निरोप जायला हवा, तो गेलाच नव्हता. मॅडमनी नंतर फोनवर हेच सांगितलं, "मोजा काढा आणि मग हलवायला सांगा." मी चिडलो. वाटलं, यांचं गिऱ्हाईक तुटतंय म्हणून बोलतायत. त्या बाईंची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली.

मोज्याचे 47,500. तसाच मोजा नंतर ऑनलाइन 6,800 ला दिसला. तेल आणि चूर्णाचे 18,940, बाटलीवर ना परवाना क्रमांक ना घटक. 'परत मिळणारी' अनामत 9,600. पावतीवर फक्त 'वेलनेस सेवा' लिहिलेलं, ती पैसे देण्याआधी वाचा. रक्त पातळ करणारी गोळी बंद करा असंही तो म्हणाला होता. तेवढं मी ऐकलं नाही, देवाची कृपा. पण फिजिओ बंद करा म्हणाला ते ऐकलं. त्याचा मदतनीस कप्पीच्या दोरीने हात डोक्यावर ओढायचा. लकव्यातला खांदा सैल असतो, तो असा ओढायचा नसतो. आईचा खांदा इतका दुखावला की ती कुशीवर झोपू शकत नव्हती.

अकरा आठवडे गेले. पैशांपेक्षा मला हे जास्त लागतं. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू सगळ्यात वेगाने सावरतो, पुढेही सुधारणा होते पण सावकाश. तोच काळ आम्ही एका बटणावर घालवला.

पोलीस ठाण्यात गेलो. "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग ही दिवाणी बाब." दुसऱ्या खेपेला, "कंपनी पुण्याची, तिकडे जा." गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे मी त्यांना सांगायचं! 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याची प्रत नेली. त्याच्या यादीत पक्षाघात आहे, म्हणजे औषधाने तो बरा करतो अशी जाहिरात करणं हाच गुन्हा. साहेबांनी कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. औषधांच्या खात्यात म्हणाले, मशीन आमच्याकडे येत नाही. मग तेलाची बाटली दाखवली, तर म्हणाले, सील फुटलंय. आईला औषध लावायचं नव्हतं का? सात खेपा झाल्या, सात दिवसांचा पगार गेला, आणि हातात एक आवक क्रमांक. लकव्याच्या माणसाला घरी एकटं सोडून या लोकांचे उंबरठे झिजवायचे, आणि वर ऐकायचं की तुम्हीच दिलेत.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः अर्ज केला. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येतो. तारीख मिळालीय. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी अडीच महिन्यांनी केला.

मॅडम पुन्हा येतात. आईने परवा डाव्या हाताचा आधार घेत पेला तोंडापर्यंत नेला. कात्री अजून धरता येत नाही.

मी काढलेला तो व्हिडिओ त्या माणसाने 'रेकॉर्डसाठी' मागून घेतला होता. आता तो त्यांच्या जाहिरातीत आहे, नवीन नावाने, नवीन नंबरवर. नळ्या आणि मूठ मिटल्यानंतरचा भाग कापलाय. मनगटात दोन हिरव्या काचेच्या बांगड्या दिसल्या तर तो हात माझ्या आईचा आहे. तो तिने उघडलेला नाही.